सहाव्या मशीनची जागा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण सातवी पास (आठवीत बसलो होतो, परीक्षेला बसलो नाही), धंदा मशीन शॉप, राहणार कारखान्यामागच्या इमारतीत वरचा मजला, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, पण त्याचा डोक्याशी संबंध नाही असे डॉक्टरीणबाईंनी तपासून लिहून दिले आहे. तो दाखला सोबत जोडला आहे. आत्ता पुन्हा पाहिला, जोडलेला आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणी गोड बोलून माझ्याकडून काही काढून घेतलेले नाही. गोड बोलायला घरी कोणी येतच नाही.

याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. ती दोन्ही रद्द समजावीत. दोन्हींत कारखाना विकून टाकावा असे होते. आता तसे नाही. कारखाना माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला द्यायचा आहे, आणि तो का, हे भावाला कळले पाहिजे. या कागदाचे मुख्य काम तेवढेच. बाकीची कलमे कायद्याला लागतात म्हणून.

कलम पहिले. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी. हे सर्व माझ्या मुलाला. तो लांब राहतो, कॉम्प्युटरचे काम करतो, रविवारी फोन करतो. "बाबा, जेवलात का?" म्हणतो, मी "जेवलो" म्हणतो, मग तो "ठेवू का?" म्हणतो. मुलगा चांगला आहे. बाराव्या वर्षीच त्याने सांगितले होते की तेलाचा वास त्याला सोसत नाही, तेव्हा कारखाना मिळाला नाही म्हणून तो रागावणार नाही. मी त्याला विचारले आहे. घर विकले तरी चालेल, फक्त न्हाणीघरातला नळ घेणाऱ्याला आधी दाखवावा. तो डावीकडे अर्धा फेरा जास्त पिळावा लागतो, नाहीतर रात्रभर ठिबकतो आणि माणूस जागा राहतो.

कलम दुसरे. बँकेत जे असेल त्यातून आधी माझा शेवटचा खर्च, मग सहा महिने कामगारांचे पगार बाजूला काढून ठेवावेत, कारण मालक मेला की गिऱ्हाईक दोन महिने वाट बघते आणि मग दुसरीकडे जाते. उरेल ते मुलाला. किती उरेल ते इथे लिहीत नाही. पासबुक गादीखाली नाही, सगळे तिथेच शोधतात. ते पिठाच्या डब्यामागे आहे.

कलम तिसरे. हत्यारे. माझी हत्यारपेटी, तिच्यातला मोठा मायक्रोमीटर आणि पितळी हातोडी फोरमनला. एकतीस वर्षे तो माझ्याकडे आहे. साक्षीदार म्हणून सही करायला तो तयार होता, पण ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये असे वकील म्हणाले. मी फोरमनला सांगितले, तर म्हणाला, "मग हातोडी नको, सहीच करतो." त्याचे ऐकू नये. हातोडी त्यालाच द्यावी.

कलम चौथे. शेजारच्या प्रेसशॉपवाल्याने चौदा वर्षांपूर्वी एका दिवसासाठी ड्रिलचा चक नेला होता. मी त्याला मनापासून माफ केले आहे. चक मात्र परत मागावा.

कलम पाचवे. माझी बायको आठ वर्षांपूर्वी गेली. तिच्या वस्तूंचे कपाट मी उघडलेले नाही. सुनेने उघडावे आणि हवे ते घ्यावे. गॅलरीत दोन खुर्च्या आहेत. त्यांतल्या उजव्या खुर्चीची वेताची वीण नवीसारखी आहे, डावीची झिजली आहे. दोन्ही एकाच घरात द्याव्यात.

कलम सहावे. कारखाना. शेड, पाच मशीन (तीन लेथ, एक मिलिंग, एक ग्राइंडिंग), कच्चा माल, गिऱ्हाइकांची वही, नाव आणि फोन नंबर, हे सर्व माझ्या भावाच्या मुलीला. ती अठ्ठावीस वर्षांची आहे आणि सात वर्षे एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे आणि साचे बनवतात तिथे, काम करते. लोक म्हणतील म्हाताऱ्याला शेवटी रक्त आठवले. तसे नाही. मागच्या महिन्यात मी तिला निरोप पाठवून बोलावले. गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, ती आली. सुट्टीच्या दिवशीही मी खाली जातो आणि पाची मशीन दहा-दहा मिनिटे चालू करून ठेवतो. तेल बसू नये म्हणून, असे मी सगळ्यांना सांगतो. आवाज नसला की शेडमध्ये मला बसवत नाही, हे कोणाला सांगितलेले नाही. ती आत आली, तिसऱ्या लेथच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "काका, हे बेअरिंग ओरडतंय." दोन महिने तो आवाज मी ऐकत होतो आणि माझेच कान गेले असे समजत होतो.

मग ती शेडच्या टोकाला गेली. तिथे जमिनीत सिमेंटचा चौथरा आहे आणि त्यातून चार गंजलेले बोल्ट वर आले आहेत. त्यावर आम्ही भंगाराचे पिंप ठेवतो.

"ही जागा कसली?"

"सहाव्या मशीनची."

"मग सहावं मशीन कुठाय?"

तिला माहीत होते. माझ्या तोंडून ऐकायचे होते. मी म्हणालो, "चहा घेतेस का?" म्हणून ते आता इथे लिहितो.

कलम सातवे. हे कलम देण्याघेण्याचे नाही, पण याच्याशिवाय सहावे कलम कोणाला समजणार नाही. वकील म्हणाले हे वेगळ्या पत्रात लिहा. वेगळे पत्र हरवते.

कारखाना मी आणि धाकट्याने मिळून काढला. तो माझ्याहून सात वर्षांनी लहान. एक जुना लेथ, पत्र्याची भाड्याची शेड, मी मशीनवर आणि तो सायकलवर काम शोधत. पंचवीस वर्षांत पाच मशीन झाली. दर पाच वर्षांनी एक. हा वेग माझा होता. धाकटा म्हणायचा, "दादा, आपण कासव आहोत हे मान्य, पण कासवसुद्धा कधी कधी मान बाहेर काढतं." मी म्हणायचो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. तो म्हणायचा, "अंथरूण घेतानाच आखूड घेतलंयस तू."

बावीस वर्षांपूर्वी पंप बनवणाऱ्या कंपनीचे काम आले. बारा हजार बुश, म्हणजे मधून भोक असलेले पोलादाचे जाड कडे, पंपाच्या दांड्यावर बसणारे. सहा महिन्यांची मुदत. पाच मशीनवर होण्यासारखे नव्हते. धाकट्याने मला पंधरा दिवस समजावले आणि मी हो म्हणालो. हे नीट वाचावे: मी हो म्हणालो. तीन मशीन आणली, एक आमच्या शेडमध्ये त्या चौथऱ्यावर, दोन शेजारची शेड भाड्याने घेऊन तिथे. माणसे घेतली. जुन्या पाचांवर काम सुरू झाले आणि चांगले चालले, नवी तीन बसायला वेळ लागला.

आता गेजची गोष्ट. भोक बरोबर मापाचे आहे का हे बघायला एक पक्का गोल दांडा असतो, त्याला आम्ही गेज म्हणतो. तो भोकात गेला तर भोक पुरेसे मोठे, नाही गेला तर लहान. हजारो भोकांत घालून घालून गेजही झिजतो. म्हणून एक मूळ गेज वेगळा ठेवतात आणि रोजचा गेज अधूनमधून त्याच्याशी ताडून बघतात. आमचा मूळ गेज लाकडी डबीत, कापसात, तेल लावून, कपाटात कुलपाखाली होता. किल्ली माझ्या कमरेला. मला भीती वाटायची की कोणी हात लावला तर पडेल, घामाने गंजेल, झिजेल. महिन्यातून एकदा रोजचा गेज ताडून बघायचे काम माझे. मायक्रोमीटरही त्याच मूळ गेजवर जुळवून घ्यावा लागे. म्हणजे आमच्या कारखान्यात माप जे काही होते ते माझ्या कमरेला होते.

त्या धावपळीत चार महिने मी ते ताडून बघितले नाही. मग बायकोचे मोठे ऑपरेशन निघाले आणि मी दोन महिने इस्पितळात राहिलो. नव्या तीन मशीनना तीन नवे गेज लागणार होते. धाकटा इस्पितळात आला. व्हरांड्यात बाकावर आम्ही बसलो. त्याच्या हातात वहिनीसाठी संत्री होती. त्या दिवशीचा शब्दन् शब्द मला आठवतो.

"दादा, किल्ली दे. मूळ गेजवरून तीन गेज करून घेतो."

"मूळ गेज बाहेर जायचा नाही. रोजच्यावरून करून घे."

"रोजचा झिजला असणार. चार महिने कोणी बघितला नाहीये."

"चार महिन्यांत काय आभाळ कोसळतं? मी आलो की बघीन."

"अरे, तू येईपर्यंत तीन मशीन काय भजन करतील?"

"एकदा सांगितलं ना!"

तो संत्री बाकावर ठेवून गेला. किल्ली माझ्या कमरेलाच होती. हात खाली नेला असता तर मिळाली असती.

झिजलेल्या गेजवरून तीन गेज झाले आणि चारही गेज आम्हाला सगळे ठीक आहे असे सांगत राहिले. भोके केसाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी लहान राहिली. लहान भोक पुन्हा मोठे करता येते, हे खरे. पण आमचे बुश तोवर भट्टीत घालून कडक करून आणलेले होते आणि कडक पोलादावर आमचे टूल चालत नाही. कंपनीत दांडा भोकात जाईना. सात हजार बुश परत आले. लॉरी शेडच्या दारात उभी राहिली आणि हमालांनी पेट्या तिथेच रस्त्यावर उतरवल्या.

मी त्या दिवशी पहिल्यांदा इस्पितळातून कामावर आलो होतो. कामगार जमले होते, कंपनीचा माणूस होता. मी धाकट्याला सगळ्यांसमोर म्हणालो, "हौस तुझी! तुलाच पाय पसरायचे होते. घे, पसर आता रस्त्यावर." त्याने माझ्याकडे पाहिले. मी वाट बघत होतो की तो आता म्हणेल, किल्ली कोणाकडे होती. म्हणाला असता तर बरे झाले असते. तो म्हणाला, "वहिनी कशी आहे?" आणि आत जाऊन आपला डबा घेऊन निघून गेला.

तिन्ही मशीन विकली, शेजारची शेड सोडली. धाकट्याने बाजारामागे एका खोलीत टूलना धार लावायचे काम सुरू केले, ते आजही करतो. इथून चालत वीस मिनिटे. मी बावीस वर्षांत त्या गल्लीतून गेलेलो नाही. बायको जायची. मला सांगून जात नसे, पण आली की तिच्या पदराला दगडाच्या चाकाची धूळ असायची. तिने मला एकदाच विचारले, "किल्ली द्यायला काय झालं होतं?" मी म्हणालो, "तुला त्यातलं काही कळत नाही." त्यानंतर तिने विचारले नाही, आणि आता विचारायला ती नाही.

कलम आठवे. मी पाच मशीनवर राहिलो आणि त्यातून माझे नाव झाले. लोक मला पाचमशीनवाला म्हणतात. आजूबाजूचे किती जण कर्ज काढून वाढले आणि बुडाले, मी बुडालो नाही. गेल्या वर्षी कारखानदारांच्या संघटनेने मला नव्या मुलांपुढे बोलायला बोलावले. विषय होता, धंदा वाढवावा पण झेपेल तेवढाच. खुर्चीवर रुमाल घातला होता. मी बोलता बोलता भावाची गोष्ट सांगितली. नाव घेतले नाही, म्हणालो, "माझ्या ओळखीचा एक जण." सात हजार बुश रस्त्यावर आले तिथे लोक हसले. टाळ्या झाल्या.

चहाच्या टेबलाशी एक मुलगी आली.

"मोठे काका, ओळखलंत?"

मी म्हणालो, "चेहरा ओळखीचा वाटतोय." खरे तर तिचे नाक बघूनच मी ओळखले होते. ते आमच्या आईचे नाक.

"छान बोललात. फक्त किल्ली कुठे होती ते सांगायचं राहिलं."

"त्याने सांगितलं तुला?"

"बाबांनी? ते तुमच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. आई त्यावरूनच तर त्यांच्याशी भांडते. तिनं सांगितलं." मग तिने माझ्या हातातला कप काढून घेतला आणि दुसरा दिला. "हा घ्या, बिनसाखरेचा. तुमची साखर वाढलीय ना?"

"हे तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनी. औषधाच्या दुकानात विचारत असतात."

मी घरी आलो आणि बूट न काढता पलंगावर बसून राहिलो. माझी साखर किती आहे हे माझ्या मुलाला माहीत नाही. मी त्याला सांगितलेले नाही.

कलम नववे. कारखाना देताना अट घालावी असे माझ्या मनात होते, की दहा वर्षे पाचाच्या वर मशीन घेऊ नयेत. तीन वेळा लिहिली आणि तीन वेळा फाडली. अट नाही. मला जे माहीत आहे ते फक्त लिहून ठेवतो, घ्यायचे तर घ्यावे.

मशीनच्या आधी माणूस तयार करावा. मशीन आठ दिवसांत येते, माणसाला दोन वर्षे लागतात. एका गिऱ्हाइकाचे काम तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर ते गिऱ्हाईक राहत नाही, सासू होते. तोंडी ऑर्डरवर सिमेंट ओतू नये. मशीन रिकामे नाही म्हणून आलेले काम परत पाठवायची वेळ सलग वर्षभर आली तर नवीन मशीन घ्यावे. एकाच महिन्यात आली तर तो नुसता हंगाम असतो. हे सगळे मी त्या भाषणातही सांगितले आणि ते खोटे नाही.

पण जे सांगितले नाही ते असे. आम्ही तीन मशीन घेतली म्हणून बुडालो नाही. तीन मशीन झेपली असती, धाकट्याचा हिशोब बरोबर होता. आम्ही मशीन वाढवली आणि माप होते तिथेच ठेवले. जो धंदा एका माणसाच्या कमरेला बांधलेला आहे तो पाच मशीनचा असो की पन्नास, तो त्या माणसाएवढाच राहतो. मी पाचावर थांबलो ते शहाणपणाने नाही. सहावे पुन्हा घेतले असते तर कोणावर तरी विश्वास टाकावा लागला असता, आणि ज्याच्यावर टाकता आला असता त्याला मी घालवून बसलो होतो.

पुतणीने प्रत्येक मशीनला स्वतंत्र गेज ठेवावा. कपाटाची किल्ली फोरमनकडे एक, तिच्याकडे एक. मूळ गेज झिजला तर झिजू द्यावा. नवा मिळतो.

कलम दहावे. हे मृत्युपत्र वकिलांकडे राहील. व्यवस्था त्यांनीच पाहावी. कलम सातवे <s>माझ्यामागे वकिलांनी</s> आज मी स्वतः माझ्या भावाला त्याच्या घरी जाऊन, इतर कोणी नसताना, मोठ्याने वाचून दाखवावे. त्याचे डोळे धार लावून लावून कमी झाले असतील.

इथपर्यंत लिहून झाल्यावर सह्यांसाठी डॉक्टरीणबाई आणि समोरचा वेल्डर आले. वेल्डरला सगळे ठिणगी म्हणतात. मी कागद पुढे केला तर तो म्हणाला, "सही कुठे करायची तेवढं सांगा. जोडणं माझं काम, वाचणं नाही." मग बाईंनीच सातवे कलम वाचून दाखवले. ठिणगी खुर्ची ओढून ऐकत बसला. शेवटी म्हणाला, "अहो पाचमशीनवाले, वीस वर्षं मी पोरांना तुमचं उदाहरण देतोय हो."

बाईंनी विचारले, "आजोबा, हे तुमच्या भावाला कधी कळणार?"

"माझ्यामागे. लिहिलंय ना दहाव्या कलमात."

"मग ते भांडणार कोणाशी?"

मी पेनाचे टोपण लावले. मी म्हणालो, "त्याला फार राग येईल."

"यायलाच हवा. पण तुम्ही गेल्यावर तो राग घेऊन ते जाणार कुठे? वकिलाकडे?"

"त्याने दार नाही उघडलं तर?"

"तर नाही उघडलं. परत याल."

ठिणगी उठला. "स्कूटर खाली आहे. यायचं असेल तर आत्ता चला, सहाला मला एक फाटक जोडायला जायचंय. आणि मागे बसल्यावर हळू चालव, हळू चालव करायचं नाही, आधीच सांगतो."

मी त्यांच्यासमोर दहावे कलम दुरुस्त केले. भावाने हा कागद फाडला तरी हरकत नाही, अस्सल प्रत वकिलांकडे जाईल, त्याच्याकडे नक्कल नेतो आहे. त्याने मुलीला कारखाना घेऊ नको म्हणून सांगितले तर तोही त्याचा हक्क आहे, मग सहाव्या कलमाचे काय करायचे ते त्यालाच विचारून नव्याने लिहीन. गॅस बंद केला आहे. मागचे दार लावले आहे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना

साक्षीदार दुसरा: (सही) वेल्डर, समोरची शेड

ठिकाण: राहते घर, वरचा मजला
दिनांक: १४ मार्च २०२४, गुरुवार

दुरुस्तीबाबत: कलम दहाव्यात "माझ्यामागे वकिलांनी" हे शब्द खोडून "आज मी स्वतः" असे लिहिले आहे. खाडाखोड माझ्याच हातची आहे आणि ती मला मान्य आहे. शेजारी तिघांच्या सह्या आहेत.

(सही)
वेळ: पावणेपाच